क्रेनवालीची जॉयस्टिक

मावशीचा डावा हात मोडला तो क्रेनवर नाही. बावीस वर्षं ती पाइपांच्या कारखान्यात जमिनीपासून तीस फूट उंच लोंबणाऱ्या डब्यात बसली, बेचाळीस पायऱ्यांची उभी शिडी दिवसातून चार वेळा चढली-उतरली, आणि एकदाही तिचा पाय सरकला नाही. हात मोडला तो घरात, न्हाणीघराच्या तीन इंची उंबऱ्यावर. काका धावत आले तेव्हा ती खाली पसरलेली होती. म्हणाली, "अहो, मला उचलायचं नंतर बघा, आधी नळ बंद करा." काकांनी नळ बंद केला, मग तिला उचललं. दोघंही असेच. घायकुतीला यायचं त्यांना माहीत नाही.

सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं तेव्हा मनगट वाळलेल्या काडीसारखं झालेलं आणि वळायला तयार नाही. कारखान्याने तिला घरी बसवलं नाही, हातमोज्यांच्या खिडकीत बसवलं. तिथे काम एवढंच, की समोर आलेल्या माणसाला म्हणायचं, "फाटका दाखवा," आणि त्याने फाटका दाखवला की नवा द्यायचा. काम हलकं होतं. पण मोजे घ्यायला सगळा कारखाना यायचा, आणि सगळा कारखाना एकच वाक्य बोलायचा.

"काय क्रेनवाली, आज जमिनीवर?"

"फाटका दाखवा."

मावशी कुणाशी फटकून वागणारी बाई नव्हे. पण बावीस वर्षांत तिच्याशी कामाच्या वेळी कुणी बोललंच नव्हतं. खालून हाताने इशारे यायचे, वरून माल हलायचा. लग्नाआधी एकत्र घरात अकरा माणसांत वाढलेली आणि लग्नानंतर सासरच्या नऊ माणसांत पडलेली बाई. तिला पहिल्यांदा एकटीची खोली मिळाली ती त्या काचेच्या डब्यात. ती सोडून खिडकीत बसणं म्हणजे तिला भर चौकात खुर्ची टाकून बसवल्यासारखं झालं.

कारखान्याचा नियम साधा होता. हात मोडलेल्या क्रेनवाल्याने प्लास्टर निघाल्यावर आठ आठवड्यांनी परीक्षा द्यायची. आकड्याला पाण्याची बादली लटकवून ती शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची. बादलीत आतून तांबडी रेघ आहे. पाणी रेघेखाली गेलं की नापास. तीन संधी. तिन्ही वाया गेल्या तर निवृत्तीपर्यंत हातमोजे. मावशीची निवृत्ती सहा वर्षांवर होती. सहा वर्षांत किती हातमोजे फाटतील याचा तिने हिशोब केला नाही, पण चेहऱ्यावरून तो केल्यासारखा दिसायचा.

व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या पोरीने तिला रबरी चेंडू दिला. पिवळा, त्यावर हसरा चेहरा काढलेला. दिवसातून शंभर वेळा दाबायचा. मावशीने तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी परत नेऊन दिला.

"का हो, दुखतंय का?" पोरीने विचारलं.

"दुखत नाही. पण हे कुणाला हसतंय ते कळत नाही."

पोरगी समजूतदार होती. म्हणाली, चेंडू नको तर नको, पण मनगट चारी बाजूंनी हललं पाहिजे, रोज तासभर, जोर न लावता. कंटाळा न येणारं काहीतरी शोधा.

इथे माझा संबंध येतो. मी मावशीची भाची. त्याच कारखान्यात माल पाठवायच्या खोलीत पाइपांना चिठ्ठ्या चिकटवते. कॉलेजचं पहिलं वर्ष मी दोनदा केलं, आणि त्याचं कारण अभ्यास अवघड होता हे नाही. स्टँडमागे एक गेमचं दुकान होतं, त्यात विमानाच्या गोळीबाराचं मशीन होतं, आणि त्यावरच्या पहिल्या दहा खेळाडूंच्या यादीत माझ्या नावाची तीन अक्षरं सहा ठिकाणी होती. आई अजूनही ते वर्ष मोजताना मध्ये थांबते.

तो खेळ असा. पडद्याच्या तळाशी आपलं एवढंसं विमान. वरून शत्रूची विमानं फळी करून येतात आणि गारांसारख्या गोळ्या सोडतात, एक फळी पार केली की पुढची. आपण गोळ्या मारत राहायचं आणि त्यांच्या गोळ्यांमधून वाट काढायची. सगळा खेळ डाव्या हातात. उजव्या हाताने नुसती बटणं. आता हे खेळ घरच्या टीव्हीवर चालतात, पण त्यासोबत जे हातात धरायचं चपटं यंत्र येतं ते अंगठ्याने चालवायचं असतं. मावशीला अंगठा नाही, मनगट फिरवायचं होतं. म्हणजे दुकानातल्या मशीनला असायची तशी उभी दांडी, म्हणजे जॉयस्टिक हवी. दांडी नेहमी डाव्या हाताला असते, आणि मावशीचा हातही डावाच मोडलेला.

मी तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दांडी म्हणजे लिव्हरच ना?"

"लिव्हरच म्हण."

"मग मला ते शिकवू नकोस. दुकान दाखव."

दुकान एका गल्लीत, चप्पल शिवणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर होतं. दुकानदार तिशीतला, जाड चष्म्याचा, बोलताना गिऱ्हाइकाकडे न बघता मालाकडे बघणारा. त्याने फळीवरून तीन ठोकळे काढून मांडले. प्रत्येक म्हणजे ट्रेएवढी पेटी, डावीकडे दांडी, उजवीकडे आठ बटणं.

"पहिल्यांदाच घेताय?" त्याने पेटीला विचारलं.

"पहिल्यांदाच," मी म्हणाले.

"खेळणार कोण?"

"मी," मावशी म्हणाली.

तेव्हा त्याने वर बघितलं. परत खाली बघितलं. "कुठला खेळ?"

"गोळीबाराचा."

"मावशी, मारामारीचा असतो तो वेगळा. त्याला वेगळी दांडी लागते. गोळीबाराला..."

"आधी हात लावून बघू दे."

तिने स्टूल मागितलं. स्टुलावर बसून बघितलं, ते उंच वाटलं, म्हणून त्याच्या गल्ल्यामागची खुर्ची मागितली. त्याने दिली आणि स्वतः उभा राहिला. तिने पहिला ठोकळा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि दांडी सावकाश पुढे नेली, मागे आणली, डावी-उजवी केली. कानाजवळ नेऊन वाजवली. मग उलटा करून म्हणाली, "दादा, पेचकस आहे का?"

"उघडायचाय?"

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी कुठल्या लिव्हरला हात लावत नाही."

त्याच्याकडे पेचकस होता. खरं सांगायचं तर त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. इतकी वर्षं दुकान चालवून कुणी त्याला आत काय आहे विचारलं नव्हतं. त्याने तळ उघडला आणि दाखवलं. दांडीच्या पायाशी चार बाजूंना चार छोटे स्विच. दांडी ज्या बाजूला कलते तो स्विच दाबला जातो, दोन दाबले गेले की तिरपं. दांडीभोवती एक पत्रा, त्याला भोक. एका पेटीत ते चौकोनी, दुसरीत आठकोनी.

"चौकोनी असलं की दांडी कोपऱ्यात जाऊन बसते. तिरपं लगेच मिळतं," तो म्हणाला. "आठकोनीत प्रत्येक दिशेला खाच आहे. नवशिक्याला हाताला कळतं कुठे आलोय ते. पण गोळीबाराला मी चौकोनीच देतो."

"ग्रीस कुठे लावायचं?"

"लावायचं नसतं."

मावशीने माझ्याकडे बघितलं. ग्रीस न लावता चालणाऱ्या वस्तूवर तिचा विश्वास बसत नव्हता. "किती टनाचा?" तिने विचारलं.

"अडीच किलो."

"वजन नाही विचारलं. उचलतो किती?"

"मावशी, हा काही उचलत नाही."

"बरं," ती म्हणाली. हा दोष तिने मनात टिपून ठेवला.

पहिल्या पेटीच्या दांडीला लिंबाएवढा गोळा होता, दांडी आखूड आणि कडक. दुसरीला तसाच गोळा, पण आठकोनी भोक. तिसरीची दांडी लांब, वर वांग्यासारखी लांबट मूठ, आत सैल स्प्रिंग, आणि पेटी तिघींत जड. तिसरी हातात घेताच मावशीचा चेहरा ओळखीचं माणूस भेटल्यासारखा झाला. तिच्या क्रेनचा डावा लिव्हर अगदी असाच होता. लांब, सुस्त, सोडला की आपल्या मर्जीने मध्ये येणारा.

"ही," ती म्हणाली.

"ती नको घेऊ," मी म्हणाले. "ती मारामारीच्या खेळाची आहे. दांडी इथून तिथे जाईपर्यंत तुझं विमान फुटेल."

"तू किती वर्षं लिव्हर धरलायस?"

"तीन वर्षं."

"मी बावीस."

ती पेटी सगळ्यांत महाग होती, आणि गिऱ्हाइकाला महाग माल घेण्यापासून अडवण्याची सवय दुकानदाराला नव्हती. एवढंच म्हणाला, "सात दिवसांत बदलून मिळेल. पॅकिंग फाडू नका."

संध्याकाळी मावशीच्या घरी टीव्हीला गेमचं मशीन जोडलं. काका खिडकीपाशी त्यांच्या टेबलावर बसले होते. ते घड्याळजी. एका डोळ्यात भिंग घालून बसतात आणि संध्याकाळभर कुणाकडे बघत नाहीत. मावशीने पेटी मांडीवर घेतली, पाय जमिनीला टेकवले, पाठ ताठ केली. खेळ सुरू झाला. विमान फुटलं. परत सुरू केला. परत फुटलं. पहिल्या दिवशी चौदा वेळा फुटलं आणि त्यातल्या एकाही वेळी तिने दुसरी फळी पाहिली नाही.

गंमत अशी, की तिचा हात चुकत नव्हता. हात अगदी वेळेवर जात होता. पण गोळ्यांच्या मधली मोकळी जागा आली की त्या जागेच्या दोन बोटं अलीकडेच मावशी दांडी सोडायची. विमान तिथेच थांबायचं आणि गोळी खायचं. मग फुटता फुटता ती दांडी पुन्हा जराशी पुढे न्यायची, कुणाला तरी सावरून धरावं तशी.

"अलीकडे का सोडतेस?" मी विचारलं.

"अलीकडेच सोडायचं असतं. ते जातंच पुढे."

"कुठे जातं? ते थांबलंय."

"तेच म्हणते मी. याचे ब्रेक फार कडक आहेत."

हे असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये उभी राहून दुसऱ्या क्रेनवाल्याचं काम बघत होते, तेव्हा मला उलगडलं. क्रेनचा माल दोरावर लटकलेला. क्रेन थांबली तरी माल थांबत नाही, पुढे झोका घेतो. म्हणून जिथे थांबायचं त्याच्या अलीकडेच लिव्हर सोडायचा, माल पुढे गेला की क्रेनला हलकेच त्याच्या मागे नेऊन डोक्यावर उभं करायचं, म्हणजे झोका मरतो. याला ते झोका पकडणं म्हणतात. मावशी झोका पकडण्यात नावाजलेली. नऊ टनांचं बंडल ती असं उभं करायची, की खालचा माणूस त्यावर डबा ठेवून जेवेल. आणि आता ती विमानाचा झोका पकडत होती. विमानाला झोका नव्हता.

मी हे तिला सांगितलं. पण मी भाची, आणि तीन वर्षंच लिव्हर धरलेला. तिचं मत पक्कं झालं होतं की माल बिघडलेला आहे. सहाव्या दिवशी पॅकिंग होतं तसं करून आम्ही पुन्हा गल्लीतल्या जिन्यावर चढलो.

"बिघाड आहे," मावशी म्हणाली.

"काय होतंय?" दुकानदाराने पेटीला विचारलं.

"थांबते."

"कधी?"

"सोडली की."

त्याने पेटी घेतली, दुकानातल्या टीव्हीला लावली, तोच खेळ सुरू केला आणि उभ्या उभ्या खेळायला लागला. पहिली फळी गेली, दुसरी गेली, तिसरी जाताना गिऱ्हाईक आलं, त्याला तो न बघता म्हणाला, "पाच मिनिटं." मावशी पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती.

"तुमचा हात तर हलतच नाही," ती म्हणाली.

"हलवायचा नसतो, मावशी. टेकवायचा. ही लांब दांडी आहे म्हणून एवढा तरी हलतोय."

"आणि सोडलं की?"

"थांबतं."

"तिथल्या तिथे?"

"तिथल्या तिथे."

"मग त्यात कसब काय?"

दुकानदाराने विमान चौथ्या फळीत मरू दिलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. माणूस हुशार होता, त्याला दोन वाक्यांत सगळं कळलं. त्याने आखूड दांडीची, चौकोनी भोकाची पेटी काढली, स्प्रिंग बदलून जरा कडक घातली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "मूठ आवळून धरू नका. तळवा वर. गोळ्याखालून दोन बोटांच्या मधून दांडी घ्या, पेल्याचा तळ धरतात तशी. गोळा नुसता वर टेकलेला. आता मनगटाने."

मावशीने तशी धरली. मनगट वळलं तेव्हा तिने दात आवळले, पण वळलं.

"इथे दुखतंय," ती मला म्हणाली. "म्हणजे इथेच हवं होतं."

त्या क्षणी जॉयस्टिकची निवड झाली. पैशांचा जो फरक होता तो त्याने परत दिला. जाताना तिने त्याला विचारलं, की दुकानात लिव्हर सुस्त असलेली ती पेटी तो कुणाला विकतो. तो म्हणाला, "न ऐकणाऱ्यांना."

त्यानंतर पाच आठवडे मावशीच्या घरात रोज संध्याकाळी तासभर कटकट चालायची. खरीच कटकट, आतल्या स्विचची. काकांचं सगळं आयुष्य टिकटिक ऐकण्यात गेलेलं. त्यांनी दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी घड्याळ लावून मोजलं.

"मिनिटाला एकशे नव्वद," ते म्हणाले.

"जास्त आहे का?"

"एवढं फास्ट भिंतीचं घड्याळ माझ्याकडे आलं असतं तर मी घेतलं नसतं."

त्यांनी कानात कापूस घातला. पण आठवड्याभराने कापूस एकाच कानात दिसायला लागला, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी खुर्ची टीव्हीकडे वळवली. डोळ्यातलं भिंग तसंच.

"ते लाल काय आहे?"

"गोळी."

"निळं?"

"तीही गोळीच."

"आणि तू कुठे आहेस?"

"ती मधली फट दिसतेय ना? तिथे."

"मला नाही दिसत."

"मलाही नाही दिसत. पण तिथेच असणार, नाहीतर फुटले असते."

पहिला आठवडा ती पहिल्याच फळीत मरायची. दुसऱ्या आठवड्यात अलीकडे सोडायची सवय गेली. जिथे थांबायचं तिथेच सोडायचं, हे हाताला पटलं. चौथ्या आठवड्यात ती तिसऱ्या फळीपर्यंत गेली, आणि फिजिओथेरपीवाल्या पोरीने प्लॅस्टिकचा कोनमापक लावून बघितलं तर मनगट चाळीस अंशांवरून पासष्टवर गेलेलं. पोरीने विचारलं, चेंडू घेतला का पुन्हा? मावशी म्हणाली, नाही, विमानं पाडतेय. पोरीने वहीत काय लिहिलं ते कळलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मावशीने चौथी फळी पार केली. डावा हात लोखंडासारखा झाला होता. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. आम्हा दोघींच्याही डोक्यात एक गोष्ट आली नाही, आणि ती आली असती तरी उशीर झालेला होता.

परीक्षा सकाळच्या पाळीच्या आधी होती. शेड रिकामी. खाली सेफ्टीसाहेब, हातात कागद. वयाने मावशीहून लहान, पण कागद हातात आला की वय वाढणारा माणूस. त्याच्यासोबत इशारेवाला, ज्याने एकोणीस वर्षं मावशीला खालून हात दाखवले होते आणि जो बोलण्यात इतका कमी की सगळे त्याला मुका म्हणायचे. आणि मी, पिवळ्या रेघेमागे. मला खरं तर परवानगी नव्हती. चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात धरून उभी राहिले की मला कुणी विचारत नाही.

मावशी बेचाळीस पायऱ्या चढली. बादली आकड्याला लागली. मुक्याने हात वर केला, क्रेन निघाली. सरळ चालली, एकही हिसका नाही. शेडच्या त्या टोकाला जमिनीवर खडूचा गोल काढलेला. बादली बरोबर गोलाच्या वर आली, तेव्हा मावशीने लिव्हर सोडला.

बरोबर वर आली तेव्हा. अलीकडे नाही.

क्रेन थांबली. बादली थांबली नाही. पुढे गेली, पूर्ण झोका घेऊन परत आली, आणि येताना निम्मं पाणी सेफ्टीसाहेबाच्या पँटवर टाकून गेली. मावशी वरून बघत होती. तिने झोका पकडायला हातही हलवला नाही. हाताने पाच आठवडे एकच शिकलं होतं, की सोडलं की थांबतं.

"एक," साहेब म्हणाले, आणि पँट झटकली.

दुसऱ्या वेळी तिला कळलेलं होतं काय झालंय, आणि कळून हात सुधारत नाही, उलट अडखळतो. तिने फार अलीकडे सोडला, मग घाईने मागे गेली, मग पुढे. बादली देवळातल्या घंटेसारखी हलली. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली.

"दोन."

मग मावशी खाली उतरायला लागली. एक एक पायरी. मला वाटलं, ती हातमोज्यांच्या खिडकीकडे जातेय. ती साहेबांपुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, या बादलीला वजन नाही."

"पंधरा लिटर आहे, बाई."

"तेच म्हणते. क्रेनला ती माशी बसल्यासारखी आहे. मला खरा माल लावून द्या. ते सहा टनी बंडल. बादली त्याच्यावर ठेवा."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "दोन वेळा नुसती बादली सांडली तुम्ही. सहा टनांवर ठेवून काय करणार?"

"नुसत्या बादलीचं मला वर काही कळत नाही. मग हात डोळ्यांचं ऐकतो, आणि डोळे सध्या बिघडलेत. सहा टन लागले की डबा ज्या गर्डरला लटकलाय तो वाकतो, खुर्ची दबते. माल कुठे निघालाय ते मला बुडाला कळतं. हाताला विचारायची गरज पडत नाही."

साहेबांनी कागद वाचला. पुढून वाचला, मागून वाचला. कागदावर एवढंच होतं, की बादली शेडभर न्यायची आणि पाणी रेघेवर राहिलं पाहिजे. बादलीखाली काय असावं, याबद्दल कागद गप्प होता.

"बुडाला," ते म्हणाले.

"हो."

"हे मी कागदावर लिहू शकत नाही."

"लिहू नका. बंडल लावा."

मुका बोलला. त्याचं एवढं लांब वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, ती बसल्या जागी सांगते माल किती टनाचा. मी वजनकाट्यावर पडताळून बघायचो, आता सोडून दिलं."

साहेब मागे सरकले. या वेळी चांगली दहा पावलं. मुक्याने बंडलवर फळी टाकली, तारेने आवळली, फळीवर बादली बांधली आणि काठोकाठ भरली. मावशी वर गेली. दोर ताठ झाले. गर्डर कण्हला, तसा तो रोज कण्हतो. बंडल जमिनीपासून हातभर उचललं आणि तिथेच काही क्षण थांबलं, ती बसून नीट झाली असणार. मग क्रेन निघाली.

मी बादलीकडे बघत नव्हते, ती मला बघवत नव्हती. मी डब्याच्या काचेतून दिसणाऱ्या तिच्या डाव्या खांद्याकडे बघत होते. गोल यायला चांगला हातभर अवकाश होता तेव्हा खांदा सैल झाला. बंडल पुढे सरकलं, क्रेन त्याच्यामागून मुंगीच्या पावलाने गेली आणि त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली. झोका मेला. बंडल गोलावर खाली आलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मुक्याने त्यावर जेवणाचा डबा ठेवला नाही, पण ठेवू शकला असता.

साहेबांनी पोलादी पट्टी बादलीत घातली. रेघेच्या चार बोटं वर. त्यांनी पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा तेवढंच. कागदावर "तीन" लिहून पुढे "पास" लिहिलं, आणि सही करण्याआधी वर बघून ओरडून विचारलं, "बाई, पहिल्या दोन वेळी काय झालं होतं?"

"सवय बदलली होती," वरून आवाज आला.

"कुठे?"

"घरी."

साहेबांनी पुढे विचारलं नाही. घरच्या गोष्टींत पडायचं नाही, हाही नियम असावा.

दुसऱ्या दिवसापासून मावशी सकाळच्या पाळीला वर. हातमोज्यांच्या खिडकीत एक बोलकी बाई बसली आहे आणि सगळे खूश आहेत. जॉयस्टिक टीव्हीशेजारी अजून आहे. मावशी रोज संध्याकाळी तासभर खेळते, मनगटासाठी लागतंच. पण दिवसभर झोके पकडून आलेला हात संध्याकाळी ऐकत नाही. पुन्हा अलीकडेच सोडते, आणि विमान पहिल्या फळीतच फुटतं. काकांना याचा मनस्ताप होतो. त्यांना पाचवी फळी बघायची आहे.

"अगं, एवढं पुढे गेली होतीस. जरा लक्ष देऊन खेळ ना. किती फुटतंय."

"फुटू दे," मावशी म्हणते. "त्यात कोण बसलंय?"